शपथ, माळ आणि दवाखाना : दारू घरच्या घरी सुटते का?



२६ जूनला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांत दुहेरी धावपळ असते. त्या दिवशी राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते आणि जागतिक अमली पदार्थ विरोधी दिनही असतो. सकाळी प्रभातफेरी, महाराजांच्या प्रतिमेला हार, मुलांची भाषणं, आणि शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून घ्यायची व्यसनमुक्तीची शपथ. फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, झाला कार्यक्रम. मीही बारा वर्षं हेच करत आले.

दोन वर्षांपूर्वी शपथ झाल्यावर सगळी मुलं वर्गात गेली. तिसरीतला एक मुलगा मात्र व्हरांड्यातच उभा राहिला. मला म्हणाला, "बाई, शपथ मोडली की माणूस मरतंय काय?"

मी म्हटलं, "नाही रे, असं काही नसतं. का विचारतोस?"

तर म्हणाला, "आमच्या बाबानं माझ्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली हुती. परत पिणार न्हाई म्हणून. काल पिऊन आला. आता मी मरणार काय?"

मित्रहो, डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते, पण त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. त्याला जवळ घेतलं, "तुला काहीही होणार नाही" असं सांगितलं आणि वर्गात पाठवलं. घरी आल्यावर मात्र हा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो मला नवीन नव्हता. मी सहावीत असताना माझ्याही डोक्यावर असाच हात ठेवला गेला होता.

म्हणून आज हा लेख. "व्यसनाचे दुष्परिणाम" या विषयावरचे निबंध तुम्हाला भरपूर मिळतील. दारूने काय होतं हे मुलांना आपण शिकवतो, पण दारू सुटते कशी, हे कुठल्याच पाठात नसतं. आणि ज्या मुलाच्या घरात दारू आहे, त्याला नेमकं तेच हवं असतं.

आमच्या घरची गोष्ट

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, साखर कारखान्यात कामाला होते. गळीत हंगाम सुरू झाला की पाळ्या, आणि पाळी सुटली की बाहेरच्या फाट्यावर देशी दारूचं दुकान. आधी पगाराच्या दिवशी, मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. शेवटी शेवटी सकाळी उठल्यावर घोट घेतल्याशिवाय त्यांचा हात स्थिर राहत नसे. चहाची कपबशी वाजायची. आम्ही भावंडं त्या आवाजावरून दिवस कसा जाणार ते ओळखायचो.

आईने सगळे उपाय केले. अंगारा झाला, देव झाले, भांडण झालं, माहेरी जाऊन राहणं झालं. शपथाही झाल्या. देवाची, आईची, शेवटी माझी. सगळ्या मोडल्या.

आण्णांनी दारू सोडली ती कुठल्याही दवाखान्यात न जाता. व्यसनमुक्ती केंद्र असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आज त्याला चोवीस वर्षं होतील. नातेवाईक सांगतात, "मनावर घेतलं आणि सोडली. मर्दासारखी सोडली." वर्षानुवर्षं मीही तसंच सांगत होते. आता मात्र मला वाटतं की ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि तिच्यामुळे दुसऱ्या घरांचं नुकसान होतं. "त्यांनी मनावर घेतलं, मग तुझ्या नवऱ्याला का जमत नाही?" असा तिचा अर्थ निघतो.

आकडे काय सांगतात?

दवाखान्याशिवाय दारू सोडणारी माणसं खरंच असतात का? असतात, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त असतात.

अमेरिकेत २००१-०२ मध्ये एक मोठी पाहणी झाली. पूर्वी कधीतरी दारूवर अवलंबून असलेले ४,४२२ लोक त्यात सापडले. पाहणीच्या वेळी त्यांच्यापैकी साधारण एक चतुर्थांश लोकच अजून त्याच अवस्थेत होते. बाकीचे कमी-जास्त प्रमाणात बाहेर आले होते. आणि दवाखाना, समुपदेशन, मदतगट असं काहीही, कधीही घेतलेले लोक होते फक्त २५.५ टक्के. म्हणजे चारातल्या तिघांनी कुणाचीच रीतसर मदत घेतली नव्हती.

आपल्याकडे सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटी लोकांना दारूमुळे मदतीची गरज आहे. पण दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ३८ मधले उरलेले ३७ जण काही हौसेने घरी बसलेले नाहीत. कुणाला माहिती नाही, कुणाकडे पैसे नाहीत, कुणाला लाज वाटते. आणि अमेरिकेतल्या आकड्यात सौम्य व्यसन असलेले पुष्कळ लोक आहेत. जितकं व्यसन जुनं आणि जड, तितकं एकट्याने सुटणं अवघड. म्हणून "बघा, दवाखान्याची गरजच नाही" असा अर्थ कुणी काढू नये. मला यातून एवढंच दिसतं की दारू सुटू शकते. "हा कधीच सुधारणार नाही" हे वाक्य आपण मुलांसमोर बोलतो ना, ते खरं नाही.

मग सुटते ती कशाने?

जॉर्ज व्हेलंट नावाचे हार्वर्ड विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ होते. बॉस्टनमधल्या साध्या वस्तीतल्या आणि कॉलेजात शिकलेल्या अशा शेकडो पुरुषांची आयुष्यं कित्येक दशकं अभ्यासली गेली, आणि त्यावर त्यांनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. दारू सुटून सुटलेलीच राहिली, अशा माणसांत त्यांना चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. त्या वाचताना मला आमचं घरच आठवत होतं.

१) दारूच्या जागी दुसरं काहीतरी. रिकामी वेळ भरावी लागते. आमच्याकडे ही जागा म्हशीने घेतली. आईने बचत गटातून कर्ज काढून म्हैस घेतली आणि धार काढायचं काम आण्णांवर टाकलं. संध्याकाळी सहाला धार, सातच्या आत डेअरीत दूध. म्हणजे फाट्यावर जायची जी वेळ, तीच डेअरीची वेळ. म्हैस काही थांबत नाही. उशीर झाला की हंबरून गल्ली गोळा करते. दहा दिवसांचं दुधाचं बिल आईच्या नावावर निघायचं.

२) लगेच जाणवणारा परिणाम, आणि कुणाचं तरी लक्ष. "पुढे लिव्हर खराब होईल" याने कुणाची दारू सुटत नाही. आजचा परिणाम दिसावा लागतो. आई आधी काय करायची, तर आण्णा कामावर गेले नाहीत की "ताप आलाय" म्हणून निरोप पाठवायची. उधारी गुपचूप भागवायची. एक दिवस तिने हे बंद केलं. म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा." खाडे लागले, पगार कापला गेला, साहेबांनी बोलावून घेतलं. आईने मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त झाकणं बंद केलं.

३) नवी नाती. ज्यांच्याशी दारूचा हिशेब नाही अशी माणसं. आमच्या भावकीतले एक आजोबा होते, माळकरी. ते रोज पहाटे दारात यायचे. उपदेश करायचे नाहीत. "चल रे, रानात जाऊ" एवढंच.

४) आपल्याहून मोठ्या कशाचा तरी आधार. कुणाला भजन, कुणाला तालीम, कुणाला एखादी चळवळ. आपल्या मातीत वारकऱ्यांची तुळशीची माळ हा त्यातला सगळ्यात जुना आणि मोठा आधार. माळ घातली की मांस नाही, दारू नाही. आणि खरी ताकद त्या मण्यांत आहे असं मला वाटत नाही. माळ गळ्यात दिसते, त्यामुळे गावातला कुणीही पेला पुढे करत नाही. नकार द्यायचं ओझं माणसावर राहत नाही.

आता बघा, या चारपैकी एकही गोष्ट आण्णांच्या मनात नव्हती. म्हैस गोठ्यात होती, पगार कारखान्यात होता, आजोबा दारात होते. मन लागतंच, पण मनाला धरून ठेवणारं काहीतरी बाहेर असावं लागतं. दवाखान्याशिवाय सोडली म्हणजे एकट्याने सोडली, असं नसतं.

जगभर पसरलेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे एए या मदतगटाची सुरुवातही अशीच झाली. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात उभा होता. काही महिन्यांपूर्वीच दवाखान्यात उपचार घेऊन त्याने दारू सोडली होती आणि समोरचा बार त्याला ओढत होता. त्याने फोन करून करून आपल्यासारखाच एक दारुडा शोधला. तो निघाला एक सर्जन, डॉ. बॉब. दोघं तासन्‌तास बोलले. डॉ. बॉब त्यानंतरही एकदा घसरले. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस संस्थेचा स्थापना दिवस मानतात. आज महाराष्ट्रातही मराठीतून त्यांच्या सभा भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्या माणसाला हात देतात.

घसरला म्हणजे संपलं नाही

आण्णा चार महिने कोरडे राहिले आणि एका लग्नाच्या वरातीत पुन्हा प्याले. त्या रात्री आई रडली नाही, नुसती बसून राहिली. मला वाटलं, झालं, सगळं परत पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आजोबा आले. काल काय झालं ते त्यांना कळलं होतं, गावाला कळलं होतं. ते फक्त म्हणाले, "ऊठ. एकादशी हाय. नंदवाळला चालत जायचंय." आण्णा मान खाली घालून गेले. त्यानंतर एकदाच, जोतिबाच्या यात्रेत, पाय घसरला. मग नाही. माळ घातली ती त्यानंतर वर्षाने, पंढरपुरात. माळ आधी आली नाही. आधी माणसं आली.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवा. १९१९ मध्ये ते रंगभूमीवर आलं. आपण त्यातून "पहिला प्याला घेऊ नये" एवढाच धडा काढतो. पण सुधाकर मध्येच एकदा दारू सोडतो, हे आपण विसरतो. तो खरोखर निश्चय करतो, काम मागायला ओळखीच्यांकडे जातो, आणि तिथे त्याचा अपमान होतो. मग तो परत प्याल्याकडे वळतो. शेवटी निष्पाप सिंधूचा आणि बाळाचा जीव जातो. शाळेत हा विषय निघाला तर मी आता मुलांना विचारते, त्या दिवशी एखाद्याने सुधाकरला घरात घेऊन चहा दिला असता आणि काम दिलं असतं तर? मुलं छान बोलतात यावर.

पण पालकहो, इथे थांबा : दोन धोके

हे वाचून कुणी "उद्यापासून एकदम बंद" असं ठरवणार असेल, तर पुढचं नीट वाचा.

पहिला धोका : एकदम बंद करणं. आण्णांनी दारू सोडली तेव्हा पहिल्या दोन रात्री त्यांचं अंग थरथरत होतं, अंथरूण घामाने भिजलं होतं. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, आणि ते कुणाशीतरी मोठमोठ्याने बोलत होते. आजीने दृष्ट काढली. आम्हाला वाटलं बाहेरचं काहीतरी आहे.

बाहेरचं काही नव्हतं. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की थरथर, घाम, धडधड हे काही तासांतच सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, भ्रम, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. यावर औषधं आहेत. ब-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, डॉक्टर चार-आठ दिवस लक्ष ठेवतात. आण्णा वाचले ते नशिबाने. त्याला मी आता हिंमत म्हणत नाही.

म्हणून जो माणूस सकाळी उठल्या उठल्या पितो, न प्यायल्यास ज्याचे हात कापतात, ज्याला पूर्वी आकडी आली आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. आपल्याकडे सीपीआर आहे, सरकारी दवाखाना आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. दोन्हीकडे फोन फुकट लागतो. आधी ते आठ दिवस सुखरूप पार पाडा. म्हैस, माळ आणि माणसं त्यानंतर आहेतच.

दुसरा धोका : "न कळत दारू सोडवा." या जाहिराती तुम्ही भिंतींवर, पेपरात पाहिल्या असतील. जेवणात पावडर मिसळा, त्याला कळणारही नाही. भगिनींनो, हे करू नका. त्या पुडीत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं औषध त्यात असेल आणि माणूस वर दारू प्याला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली, असं होऊन जीवावर बेतू शकतं. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सगळं सांगून आणि त्याच्या संमतीने. आणि लपून केलेल्या गोष्टीने घरातला उरलेला विश्वासही जातो.

शाळेत आपण काय करू शकतो?

घराघरातली दारू शिक्षकाने सोडवायची, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे आधीच ऑनलाइन माहिती भरण्यापासून पोषण आहारापर्यंत पुरेसं आहे. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

१) शपथ मुलाची, मुलापुरती असू द्या. "मी माझ्या घरातलं व्यसन घालवीन" असलं काही मुलाच्या तोंडी देऊ नका. नऊ वर्षांच्या पोराने बापाचा पोलीस व्हायचं नाही. आणि पालकहो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दारूची शपथ कधीच घेऊ नका. तुमचा पाय घसरला तर ते मूल भीतीने झोपत नाही.

२) "माझे बाबा" हा निबंध मोठ्याने वाचायला लावू नका. वहीत लिहू द्या, तुम्ही वाचा, वही बंद करा.

३) तीन वाक्यं वर्गात सगळ्यांसमोर सांगा, कुणा एकाला उद्देशून नको. घरातला माणूस दारू पितो यात मुलाची चूक नसते. मुलाला ती थांबवता येत नाही. पण ती सुटू शकते आणि अनेकांची सुटली आहे. मारहाण होत असेल तर मला सांगा किंवा १०९८ ला फोन करा, हेही सांगायचं.

४) गाडगेबाबा शिकवताना डेबू शिकवा. २० डिसेंबरला पुण्यतिथीला आपण खराटा दाखवतो, स्वच्छता सांगतो. पण डेबूचे वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि आई सखुबाई लहान डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला राहिली, हे किती मुलांना माहीत असतं? पुढे त्याच डेबूने स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घातलं आणि आयुष्यभर कीर्तनातून दारूविरुद्ध बोलला. "माझ्यासारख्याच घरातला मुलगा गाडगेबाबा झाला" हे एखाद्या पोराला कळलं, तर त्याच्यासाठी तो धडा कायमचा झाला.

५) सोडणाऱ्याला मान द्या. पालकसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत अशा माणसाला छोटं काम द्या. शाळेच्या बागेला पाणी घालायचं असलं तरी चालेल. आपल्या राज्यात बायकांनी मतदानातून "बाटली आडवी" करून दारूचं दुकान बंद करायची तरतूद आहे आणि ते मोलाचं काम आहे. पण दुकान बंद झाल्यावर त्या माणसाने संध्याकाळी जायचं कुठे, याचाही विचार गावाने करायला हवा.

शेवटी त्या मुलाबद्दल

दुसऱ्या दिवशी मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, "माझ्या आण्णांनी पण माझी शपथ मोडली होती. दोनदा तर मला माहीत आहे. आणि बघ, मी तुझ्यासमोर उभी आहे." त्याने मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. मग विचारलं, "मग त्यांची सुटली काय?" मी म्हटलं, "सुटली. पण वेळ लागला. आणि लई माणसं लागली."

त्याच्या वडिलांची दारू सुटली का, तर अजून नाही. मध्ये दोन महिने बंद होती, मग परत सुरू झाली. त्याच्या आईला मी १४४४६ नंबर दिला आहे, आणि आण्णा आता सत्तरीजवळ आले असले तरी अधूनमधून त्याच्या दारात जाऊन बसतात. उपदेश करत नाहीत. "चल, जरा फिरून येऊ" म्हणतात. कधी तो येतो, कधी येत नाही.

पुढच्या २६ जूनला शपथ घ्यायची की नाही? जरूर घ्या. फक्त त्याआधी पाच मिनिटं, दारू सुटलेल्या एखाद्या माणसाची गोष्ट मुलांना सांगा. त्याचं नाव सांगायची गरज नाही. आणि तुमच्या शाळेत, तुमच्या गावात तुम्ही काय करता, तेही जरूर कळवा.